दोनशे बारा फटी आणि एक होडी

नाही, पण मी म्हणतो, टेम्पोवाल्यानं निदान बेल तरी वाजवावी की नाही? अहो, सकाळी दार उघडलं, दुधाची पिशवी घ्यायला अर्धवट झोपेत हात बाहेर काढला, तर हाताला लाकूड! चौदा फूट लाकूड! आमच्या शेडमध्ये, जिथं माझी गाडी उभी असते तिथं, होडी! आणि गाडी? गाडी फाटकाबाहेर, झाडाखाली, वर बसलेल्या समस्त पक्ष्यांच्या सेवेला! मी ओरडलो, "गाडी बाहेर कुणी काढली?" तर आतून बायको म्हणते, "मीच किल्ली दिली त्याला. आणि बेल वाजवली होती हं त्यानं, तुम्ही घोरत होतात." आता तुम्हीच सांगा, मी मागितली होती का होडी?

बरं, होडी म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर काही भलतंसलतं येऊ देऊ नका. ही लांबट, निमुळती, दोन्ही टोकांना सारखीच, एक माणूस पुढं, एक मागं, हातात वल्हं, मध्ये फारतर एखादी पिशवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पातळ फळ्या शेजारीशेजारी लावलेल्या आणि आतून त्यांना धरून ठेवणाऱ्या लाकडाच्या वाकवलेल्या बरगड्या. हे वर्णन होडी धडधाकट असतानाचं. आमच्याकडे जी आली होती तिच्या बुडाला एवढं मोठं भगदाड, की आमच्यादेखत एक मांजर वरून आत शिरलं आणि खालून बाहेर गेलं, वाटेत थांबलंसुद्धा नाही. बरगड्या निम्म्या मोडलेल्या, रंग खपल्या धरलेला आणि एका टोकाला गांधीलमाश्यांचं पोळं. राहतं पोळं! रिकामं नव्हे!

तर ही होडी माझ्या सासऱ्यांची. म्हणजे नुसती मालकीची नव्हे, त्यांनी स्वतः, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कारखान्यातून सुटल्यावर रोज संध्याकाळी दोनदोन तास बसून बांधलेली. सासरे म्हणजे फोरमन. चाळीस वर्षं लेथ मशीनवर माणसं घडवली, लोखंड घडवलं. आता वय एक्याऐंशी, हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, दोन वर्षं झाली आमच्याकडे मागच्या खोलीत असतात. होडी इतके दिवस माझ्या मेहुण्याच्या गोडाउनमध्ये पडून होती, ते गोडाउन रिकामं करायचं निघालं, तर त्यानं काय करावं? भंगारवाल्याला द्यावी? छे! जावई कशाला असतो?

मेहुण्याचा फोन. "भावजी, पोचली ना? तुम्ही आता रिटायर झालात, म्हटलं तेवढाच तुम्हाला विरंगुळा." विरंगुळा! अहो, विरंगुळा म्हणजे झोपाळा, विरंगुळा म्हणजे शब्दकोडं! "आणि भावजी, थंडी संपली की मी बाबांना आमच्याकडे घेऊन जाणार. नवव्या मजल्यावर. लिफ्ट आहे. त्याआधी एकदा त्यांना पाण्यात होडीत बसवा, एवढीच त्यांची इच्छा आहे." आता एवढीच इच्छा आहे म्हटल्यावर माणूस काय बोलणार? हातात होती फक्त साडेचार महिन्यांची थंडी. आणि मी मागितली होती का होडी?

पण थांबा. इथं तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती घरी बोलू नका. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. कंबर आहे, गुडघा आहे, कारणांना काय तोटा? पण 'नाही' म्हटलं नाही. का? कारण लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि या सव्वीस वर्षांत माझ्या सासऱ्यांनी मला एकदाही 'चांगलं' म्हटलेलं नाही. एकदाही! वाईटही म्हटलं नाही, तेवढं मान्य करतो. ते फक्त 'हं' म्हणतात. मी स्वतः फाटक रंगवलं, हं. मी भिंतीवर फळी ठोकली, तर आले, खिशातून एक गोटी काढली, फळीच्या एका टोकाला ठेवली, ती गडगडत दुसऱ्या टोकाला गेली, खाली पडली, ह्यांनी उचलली, पुन्हा खिशात टाकली आणि... हं! मला सांगा, एक्याऐंशी वर्षांचा माणूस खिशात गोटी का बाळगतो? माझ्यासाठीच ना?

मला त्यांच्या तोंडून ते 'चांगलं' पाहिजे होतं. झालं, बोलून टाकलं. नवव्या मजल्यावर जाण्याआधी. एकदाच.

आता माझी पात्रता. सदतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन. माझ्या हातात आजवर सगळ्यांत धारदार वस्तू आली असेल तर ती टाचणी. पण कामाची पद्धत म्हणाल तर चोख! पहिल्या दिवशी मी काय केलं? फाइल उघडली! वर लेबल, 'होडी (दुरुस्ती)', आत रकाने, अनुक्रमांक, दोष, ठिकाण, उपाय, दिनांक, शेरा. सासरे शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, त्यांनी फाइल हातात घेतली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मिटून परत दिली. "हं."

मग खरवडणं. पॉलिश पेपर घेतला आणि पाच आठवडे... पाच आठवडे हो!... नुसता रंग खरवडला. एका रंगाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा, माणसानं होडी बांधली होती की कांदा? नाकात धूळ, कानात धूळ, बायको म्हणते, "आधी अंगण झाडा, मग घरात या," घरात आलो की म्हणते, "आधी अंघोळ करा, मग बसा," आणि अंघोळ करून बसलो की म्हणते, "आज लवकर आटोपलंत?" समोरच्या घरातले मास्तर रोज सकाळी फिरून येताना कुंपणावरून डोकावणार. "काय, कुठवर आलं?" म्हणजे मी जणू वल्हवतच होतो! "नवीनच का नाही हो घेत? हल्ली प्लॅस्टिकच्या मिळतात, फुगवायच्यासुद्धा मिळतात!" हे स्वतः उभ्या आयुष्यात बादलीत पाय घालून बसले असतील तेवढंच, पण सल्ला नाही चुकायचा.

मग भगदाड. तिथं नव्या फळ्या बसवायला सुतार बोलावला, त्यानं बसवल्या, मोडक्या बरगड्या बदलल्या, पोळंही काढून दिलं, तो गेला. ते काम त्याचं. पण फटी माझ्या! दोन फळ्यांमध्ये केसाएवढी, कुठं पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फटीच फटी. लाकूड इतकी वर्षं कोरडं पडून होतं ना! मी खडू घेतला, एकेक फट शोधली, तिच्याशेजारी नंबर टाकला. किती निघाल्या? दोनशे बारा. फाइलमध्ये दोनशे बारा नोंदी. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी ऑफिसात असल्यासारखं वाटलं! कारण सदतीस वर्षं मी एकच शिकलो. रिकामा रकाना सोडायचा नाही. साहेब सही विसरेल, शिपाई शिक्का विसरेल, पण माझ्या टेबलावरून रिकाम्या रकान्याचा कागद पुढं गेलेला नाही. माहिती नसेल तर 'निरंक' लिहा, पण भरा! आणि इथं तर समोर दोनशे बारा रिकामे रकाने!

गेलो हार्डवेअरवाल्याकडे. तो म्हणाला, "साहेब, ही घ्या पुट्टी. दोन डबे असतात, एकत्र कालवायचं, भरायचं, सुकलं की दगड! तुम्ही जाल, होडी जाईल, पण ही पुट्टी जाणार नाही." असल्या बोलण्यावर माणूस भाळतो हो. मी सहा जोड्या घेतल्या.

घरी आलो, पहिला डबा उघडला, कालवलं, पातं फटीवर टेकवलं आणि मागून खुर्चीतून आवाज आला. "जावईबापू, फटी राहू द्यात." मी वळलो. म्हटलं, "बाबा, फटीतून पाणी येईल ना आत!" ते म्हणाले, "येऊ द्या. आधी येईल, मग थांबेल."

आता मला सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात? पाणी आत येईल आणि आपलं आपण थांबेल! का? त्याला कंटाळा येईल म्हणून? मी हातातलं पातं खाली ठेवलं, आत गेलो, बायकोला हळूच म्हटलं, "अगं, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवून आणू या का? जरा वय झालंय." तर ती म्हणाली, "त्यांनी बांधलीय ती होडी. त्यांना विचारा तरी, का म्हणून." मी म्हटलं, "विचारतो." नाही विचारलं. अहो, पुट्टी कालवली होती, ती सुकत होती! आणि सासऱ्यांची रीत अशी, की सांगायचं ते एकदाच सांगायचं. कारखान्यात म्हणे एकदा सांगून ज्यानं ऐकलं नाही, त्याचं बोट त्याला दुसऱ्यांदा सांगायचं.

मी फटी भरल्या. एक ते दोनशे बारा. दाबून, ठासून, पातं फिरवून, वरून पुन्हा पेपर मारून. प्रत्येक नोंदीपुढं 'पूर्ण', दिनांक, सही. सासरे रोज बघत होते. रोज संध्याकाळी उठून यायचे, अंगठ्याचं नख फळ्यांवरून फिरवायचे, ते कुठंही अडकायचं नाही आणि... हं. पण हा 'हं' वेगळा होता! जरा लांब होता! मला वाटलं, बर्फ वितळतोय. मी आणखी दाबून भरायला लागलो.

वार्निशचे तीन हात दिले आणि तुम्हाला सांगतो, काय दिसली म्हणता! मास्तर कुंपणावरून म्हणाले, "अहो, ही पाण्यात कसली घालताय, हॉलमध्ये ठेवा, वर काच टाका, टेबल होईल!" हार्डवेअरवाला दुकान बंद करून बघायला आला आणि होडी बघायची सोडून पुट्टीच बघत बसला. सगळे म्हणाले चांगली. मांजरसुद्धा येऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून गेलं. एकच माणूस बोलायचा राहिला होता.

शेवटी ठरलं. शनिवारी संध्याकाळी होडी तळ्यावर नेऊन धक्क्याला बांधून पाण्यात सोडायची, रात्रभर पाण्यात राहील, गळते का ते कळेल, रविवारी सकाळी सासऱ्यांची फेरी आणि दुपारी मेहुणा त्यांना घेऊन जाणार. मेहुणा रविवारी आधी घरी आला, गाडीत सामान भरूनच तळ्यावर आला, मागच्या सीटवर सासऱ्यांच्या दोन बॅगा, उशी, ती प्लॅस्टिकची खुर्चीसुद्धा! बायको उगाच ती उशी पुन्हा पुन्हा नीट ठेवत होती. मी आधी धावत धक्क्यावर गेलो, होडीत वाकून हात फिरवला. कोरडी! अहो, थेंब नाही! आतल्या बाजूला हात लावला तर धूळ लागली, धूळ! मी वळून ओरडलो, "कोरडीये!" मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, हार्डवेअरवाल्यानं छाती पुढं काढली, मेहुणा म्हणाला, "भावजी, मानलं!" आणि सासरे? सासऱ्यांनी होडीकडं पाहिलं आणि शांतपणे बूट काढून मुलाच्या हातात दिले. मला वाटलं, होडी खराब होऊ नये म्हणून काढतायत. किती भोळा असतो माणूस!

बायकोनं पोहण्याच्या तलावावरून दोन नारिंगी जाकिटं आणली होती, ती आम्हाला घालायला लावली आणि बजावलं, "काठाकाठानं जा. कमरेच्या वर पाणी असेल तिथं जायचं नाही." सासरे पुढं बसले, मी मागं. मी वल्हं मारलं, होडी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा गोल, आता उलटी. "आणा इकडं," म्हणाले आणि वल्हं घेतलं.

हात थरथरत नव्हते. मी मागं बसून बघत होतो ना. दोन वर्षं कप धरायला दोन हात लागणारा माणूस, त्यानं वल्हं पाण्यात घातलं, ओढलं, टोकाशी जरासं मुरडलं आणि होडी सुतात सरळ निघाली. आवाज नाही, काही नाही. दहा मिनिटं. मी काहीच करत नव्हतो आणि मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, आता म्हणतील. आता वळतील आणि म्हणतील.

"कट्ट."

मी म्हटलं, "बाबा, काय मोडलं?" ते म्हणाले, "बरगडी." मी माझी चाचपली. "होडीची," ते म्हणाले, मागं न बघता. मग पुन्हा "कट्ट!" "दोन." "कट्ट!" "तीन." अहो, मोजतायत! मोडत्या होडीत माणूस शांतपणे मोजतोय! मी ओरडलो, "पण का मोडतायत?" तर वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "लाकूड पाणी पितं, जावईबापू. पाणी प्यालं की फुगतं आणि फुगून आपली फट आपण बुजवतं. म्हणून कोरड्या होडीत पहिला दिवस पाणी येतं, मग थांबतं. तुम्ही त्याला फुगायला जागाच ठेवली नाहीत. आता फळ्या रात्रभर पाणी पिऊन एकमेकींना ढकलतायत. कुणीतरी मोडणारच." "अहो, मग मला सांगायचं ना!" "सांगितलं होतं." "पण एवढं सगळं कुठं सांगितलंत!" "विचारलं नाहीत." "कट्ट!" "चार."

मग माझ्या सुताराची नवी फळी उचकटली आणि पाणी आलं. आधी आलं आणि थांबलं नाही. होडी सावकाश, अगदी अदबीनं खाली बसली आणि आम्ही दोघं तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात, नारिंगी जाकिटं घालून, एकामागे एक उभे. काठावर सगळे तोंडाचा आ वासून. फक्त हार्डवेअरवाला ओरडला, "पण पुट्टी सुटली का बघा! सुटली नाही ना?"

हसा. हसा तुम्ही. मी त्या पाण्यात उभा राहून म्हणत होतो, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सव्वीस वर्षांचा 'हं' बरा होता हो. आता दुपारी हा माणूस नवव्या मजल्यावर जाणार आणि तिथून खाली बघताना त्याला जावई म्हणून काय आठवणार? आणि पुन्हा सांगतो, मी मागितली होती का होडी?

मी त्यांचा दंड धरून काठावर आणलं. मेहुणा धावत टॉवेल घेऊन आला. "बाबा, कपडे बदला, लगेच निघू." सासऱ्यांनी तोंड पुसलं, टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि मुलाला म्हणाले, "सामान उतरव." "म्हणजे?" "मी येत नाही. होडी वर काढायची, सगळी पुट्टी उकरायची, बरगड्या नव्या घालायच्या. वर्ष जाईल." मेहुणा म्हणाला, "ते करतील ना भावजी!" तेव्हा सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यांना एकट्याला सोडलं तर हे पुन्हा भरतील."

बायकोनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, मला आधी वाटलं हसतेय, मग वाटलं रडतेय, पुढं जाऊन बघितलं तर दोन्ही चाललं होतं. मेहुण्यानं बॅगा आमच्या गाडीत टाकल्या. खुर्ची मी नेली.

तेव्हापासून सकाळी साडेसात म्हणजे साडेसात. दोन मिनिटं उशीर झाला की खुर्चीतून नुसतं घड्याळाकडे बघतात. रिटायर होऊन मी पुन्हा कामाला लागलो, ते अशा ठिकाणी जिथं रविवारसुद्धा नाही! तीन महिने मी बारीक पटाशीनं पुट्टी उकरली. आणि हार्डवेअरवाल्याचं खरंच म्हणायचं हो, दगड! दगड म्हणजे दगड! फाइल मात्र उपयोगी पडली. क्रमांक एक, भरली. क्रमांक एक, रिकामी केली, सही. दोनशे बारा वेळा. मास्तर येतात, "काय, कुठवर आलं?" मी म्हणतो, "पूर्वी होतं तिथवर."

आणि आता मी विचारतो. लाज सोडली. हे का? ते का? वाफ किती? ते सांगतात. एकदाच सांगतात, पण सगळं सांगतात, आणि सांगताना त्यांचा चहा गार होतो. परवा मी पहिली बरगडी स्वतः केली. पट्टी पाइपात घालून वाफवली, गरम असतानाच हातांनी वाकवली, हात भाजले, सोडली नाही, होडीत बसवली, क्लॅम्प आवळले आणि बाजूला उभा राहिलो. सासरे उठले. वाकले. अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. एक डोळा मिटून बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, स्पष्ट, दोन्ही कानांनी ऐकलं मी, म्हणाले, "चांगली झालीय."

मी बायकोला हाका मारल्या, ती हातातलं काम टाकून धावत आली, मास्तर कुंपणाला येऊन टेकले, मी म्हटलं, "ऐक, बाबा काय म्हणाले ते ऐक!" सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सावकाश खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सरावाची म्हणून चांगली झालीय. काढा आता, खरी बसवू."

काढली.